रांझीहून एक बहीण

खाटेच्या कडेला बसलेल्या बापूंचा उजवा पाय सुनेत्रानं कोमट पाण्यातून उचलून मांडीवर घेतला, पंच्यानं टिपला आणि अंगठ्याला नेलकटर लावलं. तेवढ्यात बापूंनी डाव्या हातानं रेडिओचा आवाज वाढवला.

"हलू नका बापू, लागेल."

"चूप. पत्रं सुरू झाली."

दर गुरुवारी साडेचारला हा कार्यक्रम लागे. पूर्वी त्यात एक म्हातारे पाळक अर्धा तास पवित्र शास्त्र उलगडून सांगत. ते गेले आणि त्यांच्या जागी ज्योती दीदी आल्या, गोड आवाजाच्या. कोणाची झोप उडालेली असो, कोणाला सासू छळत असो, कोणाचा मुलगा नापास झालेला असो, दीदींकडे औषध एकच. दीर्घ श्वास घ्या, स्वतःवर प्रेम करा, नाही म्हणायला शिका. शास्त्रातलं वचन शेवटी, ताटातल्या चटणीएवढं, आणि कधीकधी तेही नाही. बापूंचा जीव जळे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. देवाच्या नावानं चालणाऱ्या रेडिओवर देवालाच इतकं कमी बोलू द्यावं, हे कोणाही भाविकाला खटकलं असतं. पण बापूंचं नुसत्या खटकण्यावर भागत नसे. त्यांना चूक पकडायची असे.

इथल्याच, रांझीच्या फॅक्टरीत त्यांनी चौतीस वर्षं माल तपासला होता. नवा तपासनीस आला की त्याची परीक्षा घ्यायला ते चांगल्या मालात मुद्दाम एक खोटा नग सरकवून देत. तो त्याच्या हातून सुटला की सगळ्यांसमोर त्या बिचाऱ्याची शोभा करत. त्या दिवशी घरी आले की दोन पोळ्या जास्त खात.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. बायको त्याआधीच गेलेली. मुलगा आल्हाद पुण्यात असतो, नाताळला केक पाठवतो. उरली लेक, सुनेत्रा.

"रांझी से हमारी एक बहन ने लिखा है," ज्योती दीदी म्हणाल्या.

बापूंची मान ताठ झाली.

पत्र लिहिणारी ही बहीण बेचाळीस वर्षांची होती, शाळेत शिकवत होती. बापाला अर्धांगवायू. पहाटे चारला उठून ती त्याचं सगळं करते आणि मग शाळेत जाते. नागपूरच्या एका भल्या माणसाचं स्थळ आलं होतं. तो दोन वर्षं थांबला, बापानं हो म्हटलं नाही. अकरा वर्षांत ती गरम जेवलेली नाही. रडायचं असलं की बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडते, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. दीदी, मी काय करू?

नेलकटर करंगळीपाशी थांबलं.

ज्योती दीदी म्हणाल्या, "बहन, आपकी ज़िंदगी भी तो आपकी है. अपने को दोषी मत समझिए." भावाला जबाबदारी घ्यायला सांगा, तो घेत नसेल तर वडिलांना नीट सांभाळणारी माणसं आहेत. इथेच शहरात मदन महलकडे असं एक घर आहे, नंबर लिहून घ्या.

बापूंनी उशीखालची वही ओढली आणि डाव्या हातानं नंबर उतरवून घेतला. गाणं लागताच रेडिओ बंद केला. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता.

"ऐकलंस? आईबापाचा मान राख, ही पाचवी आज्ञा नाही, एक वचन नाही! बापाला सोडून ये म्हणते, तेही येशूच्या रेडिओवर! आपल्या चर्चचे पाळक साहेब म्हणत होते ना, तक्रार करायची तर पुरावा द्या. आता ही वही नेऊन दाखव त्यांना."

"याच्यात कसला पुरावा?"

"अगं बेटा, ते पत्र मीच लिहिलं. चार दिवस लागले, डाव्या हातानं. तूच तर टाकलंस शाळेत जाता जाता, ते पिवळं पाकीट." त्यांना हसू आवरेना. "नग सरकवला, अन् बाईला पत्ता नाही."

सुनेत्रानं नेलकटर मिटलं.

"नळाचं काहून लिहिलं?"

"पत्र खरं वाटलं पाहिजे ना."

"पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? भिंतीला लागून तर आहे बाथरूम. अकरा वर्षांपासून ऐकून राहिलो."

ते अगदी सहज बोलून गेले. इतकी वर्षं सुनेत्रानं एकाच गोष्टीच्या आधारावर निभावलं होतं, की बापूंना कळत नाही. आजारी माणूस, त्याला काय दिसणार. दिसलं असतं तर एखाद्या दिवशी तरी काही बोलले असते. आता तिला रडू आलं नाही. तिला त्या माणसाची किळस आली.

"नागपूरवाले दोन वर्षं थांबले, हेही लक्षात होतं."

बापूंचं हसू आता कुठे उतरलं.

"ते फक्त त्या बाईची परीक्षा पाहायला होतं, सुनेत्रा. तू मनावर नको घेऊ. शास्त्रात काय सांगितलंय, मी तुला..."

"नको."

तिनं मांडीवरचा पाय उचलून खाटेवर ठेवला. करंगळीचं नख तसंच राहिलं. ओले हात ओढणीला पुसून तिनं वही घेतली, फोन घेतला आणि एकेक आकडा दाबत गेली. शेवटच्या आकड्यावर थांबली.

"बापू, हा तीन आहे की आठ?"

बापूंचा डावा पाय अजून घमेल्यात होता, पाणी गार होऊन गेलं होतं. वहीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तीन," ते म्हणाले.

सुनेत्रानं त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि आठ दाबला.