सांडपाण्याची वाट

प्रमिलाने कळशी कलती केली आणि पाणी कुठे जातंय ते सगळे वाकून बघू लागले. पाणी जरासं घुटमळलं, मग जमिनीवर मारलेली फक्कीची पांढरी रेघ ओलांडून मागच्या ओहोळाकडे निघालं. भिमा गवंड्याने मान डोलावली. उतार मागे होता, ओहोळ मागे होता आणि भरतच्या नव्या घराचं स्वयंपाकघरही मागच्या अंगालाच निघणार होतं. धुण्याची जागा तिथेच करावी, हे कुणीही सांगितलं असतं.

"झालं की," प्रमिला म्हणाली. "मागच्या दाराशीच दगड टाका. अनिताला जवळ पडंल."

भरतची बायको अनिता पदर सावरून हसली. तिच्याही मनात तेच होतं. भरतच्या हातात शहापूरहून काढून आणलेला घराचा नकाशा होता. त्यात ओटी होती, खोल्या होत्या, देवघरसुद्धा होतं. धुण्याची जागा मात्र काढणारा विसरला होता. नकाशे पुरुष काढतात. आपले कपडे कुठे धुतले जातात याची त्यांना कधी पडलेली असते?

"मागं ऊन नाय पोचत गो वहिनी," भरत म्हणाला. "फणसाची सावली असते दिवसभर. शेवाळ धरंल. इकडच्या बाजूला ओतून बघ ना."

इकडची बाजू म्हणजे दोन घरांच्या मधली. जुनं घर भरतच्या थोरल्या भावाचं, चंदरचं. म्हणजे प्रमिलाच्याच नवऱ्याचं. भरतच्या वाट्याला शेजारची मोकळी जागा आली होती. मधला पट्टा चंदरकडे राहिला होता. वाटणी तोंडीच झालेली, पण सगळ्या गावाला माहीत असलेली. त्या पट्ट्यात प्रमिलाने केळी लावल्या होत्या. तिचा ज्ञानेश्वर तेव्हा शाळेत जात होता. त्याचं लग्न ठरलं की त्याला इथेच खोली काढून द्यायची, हे तिने केव्हाच मनात धरून ठेवलं होतं. केळी आपल्या तोवरच्या.

तिने कळशी भरून आणली आणि भरत म्हणाला तिथे ओतली. पाणी सरळ केळींच्या बुडाशी गेलं.

"बघ," भरत म्हणाला. "माझ्या घरचं पाणी तुझ्या केळींना. तुझं पाणी वाहायचं काम गेलं. पण तू सांगशील तसंच करू. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो हाय?"

गेला नव्हता, हे खरंच होतं. प्रमिला लग्न होऊन टोकावड्याच्या अलीकडच्या या गावात आली तेव्हा भरतला नाडी बांधता येत नव्हती. पुढच्याच वर्षी सासू गेली. त्याला न्हाऊ घालणं, तापात उशाशी बसणं, शाळेची चड्डी रात्री धुऊन चुलीपाशी वाळत घालणं, सगळं प्रमिलाने केलं. ज्ञानेश्वर पोटी आला तेव्हा बायका म्हणायच्या, हा तुझा दुसरा. तो पहिला, भरत, आता कल्याणला कचेरीत जात होता, एस.टी.त खिडकीची जागा पकडून इंग्रजी पेपर वाचत होता, आणि गवंड्यासमोर, चार माणसांसमोर तिला विचारत होता की माझ्या घरात काय कुठे असावं ते तू सांग. बाईमाणूस हरभऱ्याच्या झाडावर चढायला याहून जास्त काय लागतं?

चंदर इतका वेळ विडी ओढत उभा होता. तो हळूच म्हणाला,

"सांडपाणी आपल्या अंगाला नको. एकदा वाट पडली की ती मोडता येत नाय."

त्याचं म्हणणं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेताच्या बांधावरून जितकी भांडणं झाली, तितकीच पागोळीच्या आणि सांडपाण्याच्या वाटेवरून झाली होती. पण प्रमिलाला त्या दिवशी नवऱ्याची लाज वाटली.

"सख्खा भाऊ हाय तुमचा," ती म्हणाली. "पाण्यावरून कसला विचार करता? भिमा, दगड इकडं बसवा. मी सांगते."

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते एरवी नुसतं बोलायला असतं. प्रमिलाने तो गवंड्याकडून पाणसळ लावून नीट बसवून घेतला.

पुढची वर्षं चांगली गेली, हे कबूल करायलाच हवं. दोघी जावा त्या दगडावर आळीपाळीने धुणं धूत. एकीची गोधडी असली की पिळायला दुसरी यायची. केळी अशा माजल्या की घड पेलायला टेकू लावावे लागत. चंदरसुद्धा त्या पाण्याबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

ज्ञानेश्वर मुरबाडच्या कारखान्यात लागला, कायम झाला, आणि किन्हवलीकडची मुलगी त्याला सांगून आली. मुलीच्या बापाने एकच विचारलं, पोरं राहणार कुठं? जुन्या घरात एक माजघर आणि एक ओटी. चंदरने केळींकडे बोट दाखवलं. त्याच आठवड्यात केळी तोडल्या. रविवारी भिमा आला आणि खुंट्या मारून त्याने दोरी ताणली.

भरत त्याच्या ओटीवर दाढी करत होता. तोंडाला साबण तसाच ठेवून तो खाली उतरला.

"भिमा, थांब. इथून माझं पाणी जातं."

चंदर म्हणाला, "मग वळव ना मागं. ओहोळ हायच."

"मागं गाडीची शेड घातली मी. आणि का वळवू? इतक्या वर्षांची वहिवाट हाय माझी. तो पट्टा आता नुसता तुझा नाय, दादा. मी वकिलाला रीतसर विचारून आलोय."

तो शांतपणे बोलला. चिडला असता तर प्रमिलाला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाचा राग उतरतो तरी. हा पाठ केल्यासारखं बोलत होता. टॉवेलने तोंड पुसत तो परत वर गेला आणि भिमा दोरीचं टोक हातात घेऊन कुणी काही सांगेल का याची वाट पाहत राहिला.

अनिता दगडावर धुणं धूत होती. प्रमिला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अनिता, तू तरी सांग त्याला. पोराचं लग्न मोडंल."

अनिता बराच वेळ एकच बाही घासत राहिली. मग वर न बघता म्हणाली,

"मला तर दगड मागच्या दाराशीच पायजे होता, वहिनी. आठवतं ना? आदल्या दिवशी मी यांच्याशी भांडले त्यावरनं. हे म्हणाले, मधेच करायचा. दादा नाय म्हणंल, पण वहिनीच्या तोंडून निघालं की दादाचं काय चालत नाय. वहिनीला मी बरोबर घेतो."

तिने बाही पिळली. परक्याने गळा कापला तर ओरडता येतं. याने केसाने कापला, आणि केस प्रमिलानेच विंचरून दिलेले. म्हणजे ती कळशी, ते ऊन, ते शेवाळ, सगळं आदल्या दिवशीच ठरलं होतं. तिला फक्त बोलायला लावलं होतं.

गावकी देवळाच्या ओट्यावर बसली. दोन्ही भाऊ दोन टोकांना बसले. गोमाबाबा सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"पाणी या अंगाला काढलं ते कुणाच्या सांगण्यावरनं? भरत, तू तुझ्या मर्जीनं काढलं असशील तर ती वहिवाट नाय, ती दांडगाई झाली."

"वहिनीच्या सांगण्यावरनं," भरत म्हणाला. "तिलाच विचारा. वहिनी खोटं बोलायची नाय."

बायका देवळाच्या भिंतीशी उभ्या होत्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. चंदरने मान वर केली नाही. ज्ञानेश्वर मात्र आईकडे बघत होता. भिमा गवंडी पायऱ्यांवर होता, पण तो दोन्ही घरांत काम करणारा माणूस. मूग गिळून बसला होता. प्रमिलाने नुसतं 'नाय' म्हटलं असतं तरी तिच्या पोराची खोली उभी राहिली असती. आणि ज्याने तिला फसवलं त्याला फसवण्यात पाप तरी काय होतं? अनिताने सांगितलेलं चार लोकांत उघडं करावं असंही तिच्या जिभेवर आलं. पण मग उद्या अनिताचं काय झालं असतं, हे तिला बाईमाणूस म्हणून ठाऊक होतं.

"मीच सांगितलं," प्रमिला म्हणाली.

"तुमच्या खुशीनं?"

"हां. खुशीनंच."

गोमाबाबांनी मोठा सुस्कारा सोडला. मग जे सांगायचं ते सांगितलं: जागा चंदरचीच, पण पाण्याची वाट बंद करायची नाही. वाट सोडून उरलेल्या पट्ट्यात खाटसुद्धा आडवी मावली नसती. भरतने वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

घरी परतताना चंदर एका शब्दाने तिला बोलला नाही. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' एवढं तरी तो म्हणेल, असं वाटून ती मागे रेंगाळत चालली होती. दारात ज्ञानेश्वर म्हणाला,

"आई, मी मुरबाडला भाड्यानं खोली बघतो. कामाला पण बरं पडंल."

"हां," ती म्हणाली. "बरं पडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरत आला. तो रोज यायचा तसाच आला. चपला काढून, ओटी ओलांडून, तडक चुलीकडे. या घरात तो ओटीवर कधी टेकला नव्हता. लहानपणापासून त्याचा चहा, भाकरी, भांडण, सगळं चुलीपाशी. प्रमिलाला त्याची पावलं ऐकू आली. ती उठली आणि माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, डोक्यात नको ठेवू. कायद्याचं कायद्यापाशी. आपल्यात काय—"

"बसा, भावजी," ती म्हणाली.

तिने ओटीवर सतरंजी अंथरली. भिंतीकडे, पाहुण्याला टेकता यावं अशी. भरत काही क्षण तसाच उभा राहिला. मग बसला. तिने पाण्याचा तांब्या आणि वर फुलपात्र आणून त्याच्यासमोर ठेवलं, डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढला.

"अनिता बरी हाय? पोरं?"

हाकेच्या अंतरावर, मधल्या दगडावर अनिताचं धुणं चाललं होतं. त्याचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

"बरी हाय," भरत म्हणाला.

"चहा घेऊन जा. टाकते."

ती आत गेली. चहा उकळेपर्यंत तिने बाहेर पाहिलं नाही. भरत पाणी प्यायला. आजवर पाणी पिऊन झालं की तो स्वतःच आत जाऊन तांब्या रांजणावर पालथा घालत असे. तो उठायला गेला, दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग परत येऊन सतरंजीवर बसला. तांब्या त्याने हातातच धरला होता.