ऐकायला शिकलेला डबा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मी एक जुना डबा आहे. तीन किलो खारवलेल्या मांसाचा डबा, जो पुढे यंत्रमानव झाला. माझ्या पोटावर अजून एका गाईचं अर्धवट पुसलेलं चित्र आहे. हल्ली मी फळीवर खोबरं किसायच्या पाटाशेजारी बसलेला असतो. पण एके काळी साऱ्या गावाची प्रार्थना मी एकट्यानं उधळून लावली होती. ही काही मिरवायची गोष्ट नव्हे, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझं नाव पिसुपो. सामोआत अशा डब्यातल्या मांसाला पिसुपोच म्हणतात, तेव्हा नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलं नाही हे उघड आहे. आमचं गाव सवाई बेटावर आहे. नावही सवाई आणि आकारही सवाई. मी बोटीतून इथं आलो तो एका मयताच्या घरी. आमच्याकडे कुणी गेलं की पाहुणे विणलेल्या चटया आणि मोठमोठे डबे घेऊन येतात. ते घर फुआतिनोच्या आईचं होतं.

फुआतिनो नऊ वर्षांची असताना मावशीकडे ऑकलंडला शिकायला गेली आणि इंजिनिअर होऊन तिथेच राहिली. चौदा वर्षं ती एका विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होती. आईच्या मातीला म्हणून ती दहा दिवसांच्या रजेवर आली. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि त्यात तिच्या चुलतभावाची मुलगी तासी तिच्या मागेमागे फिरत होती. तासी तेव्हा दहा वर्षांची होती आणि प्रश्न विचारण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"तू तिकडे काय बनवतेस?" तासीनं विचारलं.

फुआतिनोनं सांगायला सुरुवात केली. लोक अर्ज भरतात, तो अर्ज संगणकात जातो, मग एक प्रणाली तो तपासते, मग दुसरी प्रणाली पहिलीला तपासते. अर्धा तास झाला. तासीनं सगळं मन लावून ऐकलं.

"पण दाखव ना," ती म्हणाली. दाखवण्यासारखं तसं काही नसतं, असं फुआतिनो म्हणाली. "मग तू काहीच बनवत नाहीस," तासी म्हणाली, आणि शेजारी बसलेले फुआतिनोचे तवीता मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते वाक्य फुआतिनोला फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकाच्या छपरामागे पडलेला एक रिकामा डबा उचलला, म्हणजे मला. तिनं मला तीनदा साबणानं धुतलं आणि तासीला हाक मारली. जुन्या रबरी चपला कापून माझी चाकं झाली. पोटात तळहाताएवढी सर्किटची पाटी बसली, समोर अंतर मोजणारे दोन डोळे आले, आणि झाकणावर आवाज टिपणारा एक कान. एकच. पोटाखाली काळी पट्टी ओळखणारा आणखी एक डोळा लागला. चौथ्या दिवशी मी चटईवरून हातभर चाललो आणि खांबावर आपटलो. तासीनं टाळ्या वाजवल्या. फुआतिनो मात्र रडली, आणि आईच्या मयतातही ती इतकी रडली नव्हती.

रजा संपली तरी ती गेली नाही. आधी एक महिना, मग सहा महिने. आईच्या फालेत तिनं मुलांचा वर्ग सुरू केला. फाले म्हणजे नुसतं छप्पर आणि खांब, भिंती नाहीतच, त्यामुळे वर्गात अकरा मुलं असायची आणि वर्गाबाहेर उभं राहून शहाणपण शिकवणारी माणसं वीस. तवीता मामा रोज विचारायचे, "काय गं, विमा काढलास का डब्याचा?" पण संध्याकाळी उरलेले तारोचे भाजके कंद तेच तिच्यासाठी झाकून ठेवायचे. कंपनीनं तिची जागा वर्षअखेरपर्यंत राखून ठेवली होती. तिला परत जायचं नव्हतं. मी तिच्या इतका जवळ होतो की तिच्या मनातलं मला कळायचं: हा वर्ग चालला तर ती या गावची, नाही तर पुन्हा पाहुणी.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

आमच्या गावात रोज संध्याकाळी शंख वाजतो. त्या वेळेला सा म्हणतात. पहिला शंख झाला की जो तो आपापल्या घरी जाऊन मांडी घालून बसतो आणि प्रार्थना सुरू होते. वाटेवर चिटपाखरू नसतं. असलाच तर सेफोसारखा एखादा दांडगा तरुण पहाऱ्याला असतो, कुणी नियम मोडू नये म्हणून. दुसरा शंख झाला की मगच लोक उठतात. शंखही सेफोच वाजवायचा.

त्या दिवशी मुलांनी फालेपासून चर्चपर्यंत सिमेंटच्या वाटेवर काळी चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावरून मला चालवत होती. गंमत म्हणून त्यांनी माझ्या पोटात एक उडती चालही भरली होती. इतक्यात शंख झाला. मुलं पांगली, फुआतिनो धावत घरात गेली. मला बंद कुणी केलं? मुलांना वाटलं बाईंनी केलं, बाईंना वाटलं मुलांनी केलं. मी आपला पट्टीवरून निघालो, गाणं वाजवत.

सगळी घरं बिनभिंतींची. प्रत्येक घरात लोक डोळे मिटून बसलेले, आणि मधून मी. सेफो पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ए, थांब. बस खाली." मी थांबलो नाही. त्यानं पाय आडवा घातला. समोर काही आलं की उजवीकडून वळसा घालायचा, हे मला पक्कं शिकवलेलं होतं, म्हणून मी वळसा घातला. त्यानं पुन्हा पाय घातला, मी पुन्हा वळलो. असा आमचा फेर चालला होता तो नेमका तोइलोलोंच्या घरासमोर. मताई म्हणजे घराण्याचा प्रमुख, आणि तोइलोलो गावच्या मताईंमध्ये सर्वांत मोठे. त्यांची नातवंडं तोंडात चटईचं टोक कोंबून हसत होती. खुद्द तोइलोलो प्रार्थनेत अडखळले आणि एकच ओळ दोनदा म्हणाले. शेवटी सेफोनं कोंबडीवर टाकावी तशी माझ्यावर टोपली टाकली. आतूनही मी गातच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मताईंची सभा बसली. फुआतिनो कडेला मांडी घालून, मान खाली घालून बसली. तिच्या वतीनं तवीता मामांनी लांबलचक माफी मागितली. मी पुरावा म्हणून मधोमध ठेवलेला होतो. तोइलोलोंनी मला निरखून पाहिलं.

"हा बहिरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," फुआतिनो म्हणाली. "त्याला कान आहे. चांगलं ऐकू येतं त्याला."

"ऐकू येतं आणि ऐकत नाही?" ते शांतपणे म्हणाले. "बहिरा असता तर सोडून दिलं असतं."

मित्रांनो, आमच्या भाषेत कानांवर पडणं आणि सांगितलेलं मानणं, दोन्हींना एकच शब्द आहे, फाअलोंगो. तुमच्याकडेही आई "ऐकतोस की नाही?" म्हणते, तेव्हा ती काही कान तपासत नसते. तुम्ही निदान एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देता. मला तर सोडायलाही दुसरा कान नव्हता.

तोइलोलोंनी निकाल दिला. मुलांनी यंत्रं शिकावीत, त्याला गावाची ना नाही. पण जी वस्तू गावाचं ऐकत नाही ती हाताळून मुलंही उद्या ऐकेनाशी होतील. शुक्रवारच्या सा-च्या वेळी मला त्याच वाटेवर सोडायचं. मी ऐकलं तर वर्ग राहील, नाही तर त्याच दिवशी बंद. हातात तीन दिवस होते.

फुआतिनो घरी येऊन थेट संगणकापुढे बसली. मोठा आवाज आला की थांब, असं तिनं मला सांगितलं. मी थांबलो. डुक्कर ओरडलं तरी थांबलो, बस गाणी वाजवत गेली तरी थांबलो, मामा शिंकले तेव्हा तर जागच्या जागी खिळलो. मग तिनं आणखी मोठा आवाज ठरवला, तर मी कशालाच थांबेना. बरं, करून पाहावं तर शंख गंमत म्हणून फुंकता येत नाही. तो फक्त सा-ला वाजतो, आणि तेव्हा कुणी यंत्राशी खटपट करायची नाही. बुधवारी दुपारपर्यंत तिच्या नाकी नऊ आले. ती भेदरली होती, आणि भेदरली की ती कुणालाच हात लावू द्यायची नाही. मुलं खांबांना टेकून बसून होती.

"बाई, शंख मोठा नसतो," तासी अखेर म्हणाली.

"म्हणजे?"

"बस मोठी असते. शंख लांब असतो."

फुआतिनोनं हात थांबवले. तासी उठून गेली आणि सेफोला घेऊन आली. तो यायला तयार नव्हता, कारण दोन दिवस सारं गाव त्याला "डब्याशी हरलेला" म्हणून चिडवत होतं. तासीनं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक. तो फालेच्या कडेला बसला आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला की फुंकताना तो मनात आठपर्यंत मोजतो. आधी कधीच सोडत नाही, दम गेला तरी. मग त्यानं तळव्यांची ओंजळ करून तोंडानं तसा सूर काढून दाखवला. मुलांनी बोटांवर मोजलं. दरवेळी आठच.

लहानपणी फुआतिनोनंही तो शंख रोज ऐकला होता. पण पंचवीस वर्षं ती लांब राहिली होती आणि किती लांब राहिली होती हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. ती संगणकापुढून उठली. "लिहा तुम्हीच," ती मुलांना म्हणाली.

तिनं माझ्यासाठी दोन आज्ञा केल्या होत्या, एक ऐकण्याची आणि एक थांबण्याची. मुलांना हे पटेना. दोन कशाला? त्यांनी दोन्ही खोडून एकच लिहिली आणि तिचं नाव ठेवलं फाअलोंगो. आणखीही काही उद्योग त्यांनी केला, पण बाईंना पत्ता लागू दिला नाही. एका मोडक्या सीडी प्लेअरची तबकडी बाहेर ढकलणारी मोटर त्यांनी माझ्या पोटाखाली बसवली.

शुक्रवार आला. मुलांनी मला पट्टीवर सोडलं आणि शंख व्हायच्या आधीच सगळी घरोघर जाऊन बसली. फुआतिनो आईच्या चटईवर बसली होती. तिथून ती वाट दिसत नव्हती. बिचारीची पाचावर धारण बसली होती. तिनं डोळे मिटले, आणि ती काय मागत होती ते मी न ऐकताही सांगू शकतो.

मी अर्धी वाट चाललो. मग शंख झाला. एक, दोन, तीन... आठव्याला मी थांबलो. बरोबर तोइलोलोंच्या घरासमोर. आणि मग, मित्रांनो, माझ्या पोटाखालची मोटर फिरली, चाकं आत गेली आणि मी हळूच जमिनीला टेकलो. मी बसलो. आमच्याकडे वडीलधारे बसलेले असताना उभं राहणं हाही उद्धटपणाच. हे बाई विसरल्या होत्या, मुलं विसरली नव्हती. सेफो माझ्या शेजारी उभा होता. माझ्याकडे पाहून त्यानं घसा खाकरला आणि पहाऱ्याची काठी दुसऱ्या हातात घेतली.

प्रार्थना संपली, दुसरा शंख झाला. लोक उठले. मी उठलो नाही. उठायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या लेखी हाही शंखच, मी आणखी घट्ट बसलो. फुआतिनो धावत आली आणि मला उचलायला वाकली. तोइलोलो काठी टेकत वाटेवर आले आणि त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"उठायचं कुणी शिकवलं नाही वाटतं याला."

"राहिलं, आजोबा," तासी म्हणाली.

"किती दिवस लागतील?"

प्रश्न फुआतिनोला होता. तिनं तासीकडे पाहिलं.

"दोन," तासी म्हणाली. "पण वर्ग असेल तर."

तोइलोलोंचे खांदे हलायला लागले. हसताना त्यांचे फक्त खांदेच हलतात. "मग असू दे वर्ग," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देत सावकाश माझ्या शेजारी वाटेवर बसले. "घरी जा सगळी. हा एकटा बसलेला बरा नाही दिसत." त्या रात्री फुआतिनोनं ऑकलंडला कळवलं की तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी.

याला आता बरीच वर्षं झाली. माझ्यानंतर वर्गात चकचकीत यंत्रं आली. ती पोहतात, तारोच्या रोपांना पाणी घालतात. तासी राजधानीत, आपियाला, शिकायला गेली. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यानं माझ्या तारा गंजल्या, मग कानही गेला. एकदा साफसफाईत मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. मामांनी उचलून फळीवर ठेवलं आणि विसरून गेले. कितीतरी दिवस कोळ्यांशिवाय माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण वर्गातल्या एका छोट्या मुलीनं तासीची गोष्ट कुठूनतरी ऐकली. आता शंख झाला की ती पळता पळता वाकडी वाट करून फळीपाशी येते, मला उचलून चटईवर ठेवते, माझी गंजलेली चाकं बोटांनी आत दाबते आणि मग आपल्या घरी धूम ठोकते. मला आता ऐकू येत नाही. मी चटईला टेकलो की समजतो, शंख झाला.

तेव्हा मित्रांनो, नवी बॅटरी घाला, रंग द्या, असं माझं म्हणणं नाही. माझं ते वय गेलं. मी एवढंच मागतो की संध्याकाळी सगळं गाव बसतं, तेव्हा मला उभं ठेवू नका.