सर्वात वाईट तुकडीची जर्सी

माझ्या पाठीवर एका माणसाचं नाव आहे. त्या नावापायी मी जितकी शरमले, तितकी क्वचितच कुठली जर्सी शरमली असेल. मी पोर्ट लॅम्बर्टच्या आयर्नमेन संघाची जर्सी; खेळ अमेरिकन फुटबॉल, चेंडू हाताने फेकायचा-झेलायचा तो. गडद निळी, बाह्यांवर गंजाच्या रंगाचे पट्टे. आता पट्टे विटलेत आणि अंगाला बिअरचा वास आहे, पण सुरुवात अशी नव्हती.

शिवून झाले तेव्हा माझी पाठ कोरी होती. त्या वर्षीच्या ड्राफ्टला मंचामागे दोन बायका तापलेलं यंत्र घेऊन बसल्या होत्या. दर वसंतात देशभरातले संघ तिथे जमतात आणि कॉलेजातली पोरं पाळीपाळीने, फेरीमागून फेरी निवडतात. एका संघाने एका साली निवडलेली पोरं म्हणजे त्याची त्या सालची तुकडी. बाहेर नाव पुकारलं, की या बायका आत अक्षरं जर्सीवर मांडून वरून दाब द्यायच्या.

"व्हिटफील्ड," एक म्हणाली. "अगं बाई, केवढं लांबलचक! तिरकं जाऊ देऊ नकोस हं."

पाठीला चटका बसला आणि मी कुणाची तरी झाले. मंचावर एका पोराने मला हातात घेतलं. कॉर्डेल व्हिटफील्ड, अलाबामातल्या एका लहानशा गावचा. लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा, हे त्याचं काम. पत्रकारांनी विचारलं तेव्हा मला छातीशी धरून तो बोलून गेला, "मी आहे तोवर आयर्नमेनचा चेंडू जमिनीला लागणार नाही."

हे वाक्य पुढे त्याला फार महागात पडलं.

पहिल्या दोन महिन्यांत मात्र तो खरंच सुरेख खेळला. त्या आनंदात त्याने मला बर्निस ड्युडेकच्या, म्हणजे बर्नीच्या, बारला भेट दिली. गावातले सगळे शुक्रवारी तिच्याकडे तळलेला मासा खायला जमायचे. बर्नीने मला काउंटरच्या वर, बाटल्यांच्या मधोमध टांगलं. लोक आत आले की आधी माझ्याकडे बघायचे. मला फार गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे हिवाळ्यातल्या बाद फेरीच्या सामन्यात, अगदी शेवटी, चेंडू सरळ कॉर्डेलच्या हातात आला आणि त्याने तो सोडला; सामना गेला. मी टीव्हीसमोरच होते. बारमध्ये ग्लास फुटायला लागले.

त्यानंतर त्याला धड काही जमलंच नाही. चेंडू येताना दिसला की खांदे आवळून घ्यायचा. त्याच्याबरोबर निवडलेल्यांपैकी एकाचा गुडघा गेला, एक दारूच्या नादाला लागला, एकाला तर संघाने पहिल्या सामन्याआधीच घरी पाठवलं. तीन हंगामांत पूर्ण तुकडी संपली. कॉर्डेल कुणाचाही निरोप न घेता अलाबामाला निघून गेला. बर्नीने मला काउंटरवरून काढून खिडकीजवळ लावलं, नंतर पत्त्यांच्या टेबलामागे आणि शेवटी संडासाकडे जाणाऱ्या बोळात, एका खिळ्यावर.

ड्राफ्टच्या आठवड्यात शुक्रवारी त्या बारमध्ये दरवर्षी न्यायनिवाडा व्हायचा: आयर्नमेनची आजवरची सर्वात चांगली तुकडी कोणती आणि सर्वात वाईट कोणती. न्यायाधीश वॉल्ट ग्राबोव्स्की. पोलादाच्या भट्टीवर जन्म काढलेला, आवाज भोंग्यासारखा. चांगल्या तुकडीवरून कडाक्याची भांडणं व्हायची.

"पहिल्या फेरीचा पोरगा चालला म्हणजे तुकडी चांगली होत नाही रे," वॉल्ट टेबलावर मूठ आपटायचा. "तो तर कुणीही निवडेल! शेवटच्या फेरीत काय सापडलं ते सांग!"

"आणि दोन अजिंक्यपदं काय भिंतीतून आली?" समोरून कुणीतरी ओरडायचं.

वाईट तुकडीवर मात्र सगळ्यांचं एकमत असायचं. वॉल्ट ग्लास उचलून बोळाच्या दिशेला, म्हणजे माझ्याकडे करायचा. एका वर्षी संडासातून बाहेर येताना त्याने ओले हात माझ्या पोटावर पुसले आणि म्हणाला, "तुला कधी काही पकडता आलं नाही, निदान पाणी तरी धर!" केवढा हशा पिकला! तेव्हापासून प्रथाच पडली. येणारा-जाणारा मला हात पुसायचा. नवख्यांना तर मी कोण हेही ठाऊक नसायचं. मला मान असती तर मी ती खाली घातली असती.

फक्त एकजण मला हात पुसायचा नाही. हॉलिस टम्लिन. तो कॉर्डेलच्याच तुकडीतला, शेवटच्या फेरीत निवडलेला अगडबंब गडी. त्याला मंच मिळाला नव्हता, जर्सीही मिळाली नव्हती, घरी नुसता फोन आला होता. गुडघा गेल्यावरही तो गाव सोडून गेला नाही. नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. रोझली नावाच्या इथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. दर शुक्रवारी यायचा. न्यायनिवाड्यात कॉर्डेलचं नाव निघालं की सगळ्यांच्या वरताण आवाजात म्हणायचा, "अरे, त्याचं सोडा! शेवटच्या फेरीतला तो जाड्या आठवतो का? त्याला बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याने बांधून द्यावी लागायची!" पोट धरून हसायचे सगळे. तोही हसायचा. मग बोळात येऊन आपल्या पँटला हात पुसायचा, माझी वळलेली कॉलर सरळ करायचा आणि निघून जायचा.

एकदा त्याने बर्नीला विचारलंही, "विकतेस का ती जर्सी?"

"आणि माझ्या गिऱ्हाइकांनी हात कुठे पुसायचे?" बर्नी म्हणाली.

"तेही खरंच," म्हणत तो हसला.

गेल्या वसंतात हॉलिसचं हृदय अचानक बंद पडलं. दफन नेमकं ड्राफ्टच्या आठवड्यातल्या शुक्रवारी झालं. चर्चमधून सगळे भरदुपारी बर्नीकडे जेवायला आले, आणि त्यांच्यात कॉर्डेल होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. काळा कोट, कानशिलावर पांढरे केस, पोट सुटलेलं. आता अलाबामात आपल्या गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवतो म्हणे. वॉल्टने उठून त्याच्याशी हात मिळवला.

बर्नी मला सकाळीच उतरवणार होती, पण माशांच्या गडबडीत विसरली. कॉर्डेल बोळाकडे वळला तशी ती कढईतला झारा हातात घेऊनच मागून धावली. "तिकडचा नळ बंद आहे रे, थांब जरा..."

उशीर झाला होता. संडासातून एक परगावचा ट्रकवाला बाहेर आला, त्याने माझ्यावर पंजे पुसले, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि कॉर्डेलला म्हणाला, "आत टॉवेल नाहीये भाऊ. हीच आहे."

मी खिळ्यावर फिरले होते. माझी पाठ त्याच्यासमोर होती. त्याने आपलं नाव वाचलं. आजवरच्या सगळ्या थट्टेची मिळून मला इतकी लाज वाटली नव्हती, जितकी त्या एका नजरेने वाटली. तो परत जाऊन रोझलीच्या शेजारी बसला.

थोड्या वेळाने वॉल्ट ग्लास घेऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते त्याचे. "हॉलिसच्या नावाने, नेहमीसारखंच करू या. त्याला फार आवडायचं." चांगल्या तुकडीचा निकाल झटक्यात लागला, भांडायचं कुणाच्या मनातच नव्हतं. मग वाईट. कॉर्डेल समोर बसलाय म्हणून वॉल्टने त्याचं नाव टाळलं आणि थेट शेवटच्या फेरीवर आला. "आणि आपला लाडका जाड्या, ज्याला बुटाची नाडी..."

दोघं-तिघं हसले. रोझलीने काटा ताटात ठेवला.

"त्याला नाही आवडायचं, वॉल्ट."

"अगं, तोच तर सांगायचा हा किस्सा! सगळ्यात जास्त तोच हसायचा."

"हो. आणि मग ट्रक घराबाहेर उभा करून आतच बसून राहायचा. दरवर्षी ड्राफ्टच्या या शुक्रवारी मी त्याचं ताट कधी वाढलंच नाही. जेवायचाच नाही तो."

"मग... मग यायचा कशाला?"

"तुम्ही त्याचे दोस्त म्हणून." रोझलीचा आवाज चढला नाही. "आणि म्हणायचा, मी तिथे बसलो की ते कॉर्डेलला फार सोलत नाहीत. मी मध्येच स्वतःवर एखादा विनोद टाकतो, गाडी माझ्यावर येते. कॉर्डेलची बाजू घ्यायला इथे कुणी नाही ना, म्हणायचा."

कॉर्डेलचा चेहरा असा झाला, की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. तो उठला. लांब ढांगा टाकत बोळात आला आणि त्याने मला खिळ्यावरून ओढलं. माझी कॉलर फाटली. कोट काढून फेकला आणि पांढऱ्या सदऱ्यावर, टायवर, मला तसंच ओलं अंगात घातलं. पोटाशी मी ताणले गेले. तो वॉल्टसमोर जाऊन उभा राहिला.

"मिस्टर वॉल्ट, आता माझं बोला. माझ्या वाटचं इतकी वर्षं तो ऐकत होता, आणि मी घरी तोंड लपवून बसलो होतो. बोला. तो सामना सांगा."

"पोरा, बस खाली..."

"चेंडू कुठे आला होता?"

वॉल्टने ग्लास टेबलावर ठेवला. त्याला वर बघवेना. "तुझ्या हातात," तो कसाबसा म्हणाला. "सरळ तुझ्या हातात आला होता रे."

"आला होता. आणि मी सोडला." कॉर्डेलने हात वर केला. "आमची तुकडी सर्वात वाईट. माझं मत."

दुसऱ्या कुणाचा हात उठला नाही. मग रोझलीने वर केला. "हॉलिसचंही," ती म्हणाली, आणि रडता रडता हसू लागली. "फारच वाईट होतात रे तुम्ही!"

बर्नी कढईपाशी पाठमोरी उभी होती. "हॉलिसला विकायला हवी होती मी ती," एवढंच पुटपुटत होती. मासे करपले.

मी अलाबामाला आले ती त्याच्या अंगावरच. त्याने मला तीन-चारदा धुतलं, वास काही पूर्ण जात नाही. कॉलर शिवायला गेला, ती वेडीवाकडी शिवली. माझी लाज संपली असं मी म्हणणार नाही. कितीतरी हातांचे डाग आहेत माझ्यावर, आणि त्यातला प्रत्येक हात हसत पुसलेला आहे. तुमच्याकडे कुठे एखादं हरलेलं नाव असं टांगलेलं असेल, तर खुशाल वाईट खेळला म्हणा. फक्त त्याला हात पुसू नका.

या वसंतात वॉल्टचा फोन आला. "यंदा वाईट तुकडीचं आम्ही बंदच केलंय," तो म्हणाला.

"का? ठरवा की. पाच-पाच तास भांडा," कॉर्डेल म्हणाला. "पण आमच्यापर्यंत आलात की मला फोन लावत जा."

ड्राफ्टच्या आठवड्यातल्या शुक्रवारी जेवण झाल्यावर त्याने मला अंगात घातलं आणि पडवीत फोन मांडीवर घेऊन बसला. फोन वाजला, त्याने उचलला. पलीकडून ताटांचे, खुर्च्यांचे आवाज येत होते. मग ते एकदम थांबले. वॉल्टने घसा खाकरला.

"आहेस ना, पोरा?"

"आहे," कॉर्डेल म्हणाला. "बोला."