तुळशीवरून चिरा

विहिरीवर मोटेचे बैल चालतात त्या धावेवरून पडले तेव्हा माझा बंकट सहा महिन्यांचा होता. उजव्या दंडाचं हाड खांद्यापाशी मोडून बाजूला सरकलं. सासूबाई सुंदरबाईंनी बिब्बा तापवून दंडभर लावला. आईनं लहानपणी माझ्या दंडावर गोंदवून घेतलेली तुळस तेवढी चार बोटं मोकळी सोडली. गोंदण माणसाबरोबर वर जातं, त्याला चटका देत नाहीत.

आठव्या दिवशी दंड फोडांनी भरला. मग ह्यांनी गाडी जुंपली आणि मला मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. डॉक्टर पलटणीतून आलेले, उतारवयाचे. बोटांनी चाचपून म्हणाले, "हाड उघडून चांदीच्या तारेनं बांधावं लागेल. पण फोडांतून चिरलं तर पू हाडात उतरेल."

"मग फोड सुकू द्या," हे म्हणाले.

"तोवर हाड वाकडं जुडेल. हा हात उम्रभर डोक्यापर्यंत जाणार नाही." त्यांनी तुळशीवर चार बोटं ठेवली. "एवढीच चमडी साफ आहे."

ह्यांनी मान हलवली. "त्याच्यावरून न्हाई. हिची आई वर वाट बघत आसंल. तिला काय सांगायचं?"

"मी सांगंन," मी म्हणाले. "ती मला इचारील, तुमाला न्हाई. लेकरू कोण उचलंल, ते सांगा."

हे डॉक्टरांकडे वळले. म्हणाले, "करा."

"डॉक्टरसाहेब, शिवताना पानाला पान लावा," मी म्हणाले.

"मी दर्जी नाही, बाई." त्यांनी गुंगीच्या औषधाचा रुमाल माझ्या नाकावर धरला.

शुद्ध आली तेव्हा हात छातीशी बांधलेला होता. रोज पट्टी सुटताना मी आधी वास घ्यायचे. पू धरला नाही. तरी हात उचलेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. सहा आठवडे तसाच बांधून ठेवला.

बंध सोडायच्या दिवशी सासूबाई बंकटला घेऊन आल्या.

"उचला," डॉक्टर म्हणाले.

खांद्यात कळ गेली. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. मी दात आवळले. बोटं कानाला लागली, मग अंबाड्याला.

सासूबाई वाकून तुळस बघत होत्या.

"एक पान वाकडं बसलंय," त्या म्हणाल्या आणि बंकटला माझ्या मांडीवर ठेवलं.