जिवंत माणसाचं नाव

शनिवारी सकाळी सात वाजता गिरीश काकांचा फोन आला, तेव्हा मी किचनमध्ये उभी राहून एकोणीस नावांची यादी तपासत होते. यादी आमच्या युनिव्हर्सिटीतल्या परदेशी विद्यार्थ्यांची. त्यांना घेऊन मला लीड्सहून मँचेस्टरला जायचं होतं, पारंपरिक चिनी संस्कृतीची ओळख करून द्यायला. युनिव्हर्सिटीला नव्या पोरांना कसली ना कसली संस्कृती दाखवायची भारी हौस. मी इंटरनॅशनल ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे ही हौस दरवर्षी माझ्या गळ्यात पडते.

गिरीश काका माझे कोणी लागत नाहीत. ते तनयाचे काका. तनया वाईहून मास्टर्स करायला आलेली, जेमतेम तीन आठवडे झालेले, एकुलती एक. तिच्या वडिलांनी, शशिधररावांनी, कुठून तरी माझा नंबर मिळवून मला फोन केला होता. गुरांचे डॉक्टर होते ते, नुकतेच रिटायर झालेले. "पोरगी बडबडी आहे, पण एकटी कधी राहिलेली नाही," म्हणाले होते. "जरा लक्ष असू द्या." तिसऱ्या दिवसापासून तनया मला मावशी म्हणायला लागली. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

"शिल्पाताई, वाईट बातमी आहे," काका म्हणाले. "शशीदादा गेला. पहाटे अ‍ॅटॅक आला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं."

तनयाला कसं सांगू, हाच पहिला विचार मनात आला. पण काकांनी तोही प्रश्न माझ्यासाठी सोडवून ठेवला होता.

"तिला आत्ता सांगू नका. एकटी पोर, परका देश, काही करून घेतलं म्हणजे? आणि निघाली तरी उद्याशिवाय पोचत नाही. तोवर ठेवता येणार नाही. साडेतीनला नेणार आहोत. आटोपलं की मेसेज करतो, मग तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा."

"तनयाच्या आईला विचारलंत?"

"वहिनी कुठल्या शुद्धीवर आहेत, ताई!"

त्यांचे साडेतीन म्हणजे आमचे अकरा. मी हो म्हणाले.

हो म्हणायला मला जड गेलं नाही, हेही सांगून टाकते. माझे वडील गेले तेव्हा मला सातवा महिना होता. नवऱ्याने आणि भावाने मिळून नऊ दिवस मला काही कळू दिलं नाही. कळल्यावर मी रडले, भांडले, आणि नंतर वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले की केलं ते बरंच केलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या वेळी पोटात होता तो माझा मुलगा नील. आता सत्तावीस वर्षांचा आहे, एडिनबराला नोकरी करतो, आणि नेमका वीकेंडला घरी आलेला. चहाचा मग घेऊन दारात उभा राहून त्याने सगळं ऐकलं होतं.

"मम, हे राँग आहे," तो म्हणाला. "इट्स नॉट युवर कॉल. तिची बाबा आहे, तुझी नाही."

"तिचे बाबा आहेत," मी म्हणाले. "माझे नाहीत."

इथे जन्मलेल्या पोरांना मराठी नीट बोलता येत नाही म्हणून मी नेहमीच अशी टोकते. त्या सकाळीही मी त्याचं व्याकरण तेवढं सुधारलं, आणि कोट चढवून बाहेर पडले.

बस साडेआठला निघाली. वारा असा सुटला होता की ड्रायव्हर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. तनया धावत माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. सोमवारी कोजागिरी, आणि त्याच दिवशी चिनी लोकांचाही चंद्राचा सण, हे तिला कुठून तरी कळलं होतं. "मावशी, म्हणजे आपण मसाला दूध पितो तेव्हा ते मूनकेक खातात? बाबांना सांगितलं पाहिजे," असं म्हणून तिने फोन काढला.

फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणा ना कोणा उत्साही माणसाने आत्तापर्यंत फोटो टाकलाच असणार. फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. पोरीला हे असं बसमध्ये कळायला नको.

मी उठून उभी राहिले आणि जाहीर केलं, "एव्हरीवन, फोन्स प्लीज. आज लंचपर्यंत नो स्क्रीन्स. संस्कृती डोळ्यांनी बघायची." हा नियम मी तिथल्या तिथे शोधून काढला होता. पोरांनी आरडाओरडा केला, पण मी सुपरमार्केटची जाड पिशवी घेऊन एकेका सीटपाशी उभी राहिले. माझ्यासमोर सहसा कोणाचं चालत नाही. तनयाने तर पहिला फोन टाकला, मला मदत म्हणून.

मँचेस्टरला चायनाटाउनच्या कमानीपाशी उतरलो. तिथल्या एका हॉलमध्ये सगळी व्यवस्था होती. एका टेबलावर कागदी कंदील, एका टेबलावर इवल्याशा कपांतून चहा. चीनमधल्या चेंगदूहून आलेला एक पोरगा आमच्यातच होता, तो फक्त फुकट जेवणासाठी आला होता. प्रत्येक गोष्ट बघून तो म्हणायचा, आमच्या घरी असलं काही नसतं. पोरं हसत होती. तनया सगळ्यात जास्त हसत होती, आणि ती हसली की मी घड्याळाकडे बघत होते.

शेवटच्या टेबलावर मिस्टर लाम बसले होते. पंच्याहत्तरीचे, हाँगकाँगहून पन्नास वर्षांपूर्वी आलेले, ब्रशने चिनी अक्षरांत नावं लिहून देणारे. नुसत्या उच्चारावरून लिहीत नव्हते, आधी नावाचा अर्थ विचारायचे आणि मग त्या अर्थाची अक्षरं शोधायचे. रांगेत तनयाचा नंबर आला तेव्हा अकराला पाच कमी होते.

"माझं नको," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं लिहा. शशिधर. म्हणजे चंद्राला धरून ठेवणारा."

म्हातारा एकदम खुलला. "चंद्राच्या आठवड्यात चंद्राचं नाव! छान." त्याने लांब पांढरा कागद पसरला आणि ब्रश काळ्या शाईत बुडवायला नेला.

"लाल शाईने लिहाल?" बाजूच्या लाल शाईच्या वाटीकडे बोट दाखवत तनया म्हणाली. "डिसेंबरात त्यांची एकसष्टी आहे. आमच्याकडे शुभकार्य असलं की पत्रिकेला कुंकू लावतात. लाल हवं."

मिस्टर लामनी ब्रश खाली ठेवला. "वडील आहेत?"

"म्हणजे?"

"जिवंत?"

"हो तर!" तनया हसली. "परवाच ओरडले मला, स्वेटर घातला नाही म्हणून."

"मग लाल नाही. जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहायचं नाही. आमच्यात ते फार वाईट."

"पण आमच्यात शुभ असतं ना!" ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्हीच सांगा ना यांना."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या खांद्याला फोनची पिशवी होती, आणि ती थरथरायला लागली. एकोणीस फोनांपैकी एक कुठला तरी वाजत होता. थांबला. पुन्हा सुरू झाला. आला कोणीतरी शहाणा बातमी फोडायला, असं मनात म्हणत मी पिशवी काखेत घट्ट दाबून धरली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बरोबर अकरा वाजले होते. तिकडे आता त्यांना उचलत असतील. सांगायचं असेल तर आत्ताच, असं एक क्षण वाटलं. पोरगी माझ्याकडे तोंड वर करून हसत उभी होती. माझ्याने झालं नाही.

"काळ्याच शाईने लिहा," मी म्हणाले.

"बघा!" म्हाताऱ्याला आनंद झाला. "मॅडमना कळतं."

त्याने सावकाश, श्वास रोखून नाव लिहिलं. तनया कागदावर फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "मावशी, दोन मिनिटं फोन द्या ना. फोटो काढून बाबांना पाठवते, लगेच परत देते. प्लीज."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. "तुला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल."

माझा आवाज चढला असावा, कारण ती वरमली. सॉरी म्हणाली. मला. पिशवी मधून मधून थरथरतच होती. मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात न बघता बाहेर आले.

पावणेएकला सगळे रेस्टॉरंटच्या गोल टेबलांभोवती बसले, आणि काकांचा मेसेज आला. आटोपलं. आता सांगा.

मी तनयाला जिन्यात बोलावलं. कागद चुरगळू नये म्हणून ती तो दोन्ही हातांत आडवा धरून आली. काय बोलायचं ते मी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. एकदम नाही सांगायचं. आधी मनाची तयारी करायची.

"तनया, घरून फोन होता. बाबांना जरा बरं नाहीये. सिरियस आहेत."

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकेक करून निघून गेलं.

"सिरियस," ती म्हणाली. "आजोबा गेले तेव्हा सगळ्यांना फोन करायला मलाच बसवलं होतं. काका म्हणाले होते, सिरियस आहेत एवढंच सांग." ती थांबली. "गेले ना?"

मी मान हलवली.

"कधी?"

"पहाटे."

"कुठल्या पहाटे? इथल्या की तिथल्या?"

"तिथल्या."

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं सांगता आलं असतं. पण आता कशाला?

"सात वाजता."

तिने बोटांवर काही मोजलं नाही, रडलीही नाही. कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि हात पुढे केला. "फोन द्या."

मी पिशवीत हात घालून फोन शोधायला लागले. कुणाकुणाचे फोन हाताला येत होते. तिचा सापडला. तिने स्क्रीन बघितली आणि फोन माझ्यासमोर धरला. अकरा मिस्ड कॉल होते. सगळे व्हिडिओ कॉल. सगळे आईचे.

तिने आईला फोन लावला. फोन कानाशी ठरेना, म्हणून स्पीकरवर टाकला. मी तिथून निघून जायला हवं होतं. पण तिला एकटं कसं सोडायचं, म्हणून थांबले. निदान स्वतःला तसं सांगितलं.

"तनू, अगं कुठे होतीस गं?" वहिनींचा आवाज बसलेला होता, पण शुद्धीवर त्या पुरत्या होत्या. "किती फोन केले तुला! मी सगळ्यांना सांगितलं, पोरीला तोंड दाखवल्याशिवाय उचलू देणार नाही. अर्धा तास थांबवलं दारात. कापड बाजूला धरून बसले होते मी. गिरीश भावजी म्हणाले, तिला रेंज नसेल. मग गुरुजी म्हणाले, आता उशीर होतोय."

तनयाने माझ्याकडे बघितलं. सांगेल आता, असं मला वाटलं. सांगावं, असंही वाटलं. त्या बाईने मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिथे उभी राहून ऐकून घेतल्या असत्या.

"फोन बॅगेत राहिला गं आई," तनया म्हणाली. "माझंच चुकलं."

"असू दे. असू दे, बाळा. एकटी आहेस का? जवळ कोण आहे?"

"शिल्पामावशी आहेत."

"दे त्यांना."

तनयाने फोन माझ्यापुढे धरला. हातात दिला नाही, नुसता धरला.

"ताई," पलीकडून आवाज आला, "तुम्ही आहात म्हणून जिवाला जरा धीर आहे बघा. परक्या मुलखात पोरीजवळ आपलं माणूस आहे. हे उपकार मी कसे फेडू?"

तनयाची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

"असं काय बोलता वहिनी," मी म्हणाले. "मला मुलीसारखीच आहे ती."

तनयाने फोन मागे घेतला. स्पीकर बंद केला, चार पायऱ्या खाली उतरली आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीला टेकून बसली. तरीही मला ऐकू येत होतं.

"आता सांग, आई," ती म्हणाली. "कसे दिसत होते?"