भिंतीची डावी बाजू

दिवे मालवायच्या आत त्याने मुद्दाम खुर्ची बदलली, पण ऐदी उठला आणि पुन्हा त्याच्या डावीकडे येऊन बसला. चाळीस वर्षं हा माणूस असाच चिकटलेला.

क्लबच्या सभागृहात आज दोघांच्या संघाने तरुणपणी जिंकलेल्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याची फिल्म दाखवणार होते. कुणाच्या तरी माळ्यावर जुनं रीळ सापडलं आणि अध्यक्षांना भलतंच भरतं आलं. फिल्म संपली की हॉकीच्या मैदानाच्या फाटकाला त्या संघाच्या गोलकीपरचं, म्हणजे त्याचं, नाव जाहीर व्हायचं होतं. सगळ्यांच्या तोंडी गोष्ट एकच होती: गोलमध्ये तो नव्हे, भिंत उभी होती, बाकी दहा जण नुसती खोगीरभरती. या गोष्टीला खतपाणी घातलं ते भिंतीनेच. सेंटर फॉरवर्डचं ऐदी हे नावही त्यानेच पाडलं होतं. अंतिम सामन्यात पठ्ठ्या समोरच्या गोलकडे फिरकलासुद्धा नव्हता.

आता मात्र ही फिल्म कुणी बघूच नये असं भिंतीला वाटत होतं. उपांत्य सामन्यात चेंडू भुवईवर बसला आणि डाव्या डोळ्यापुढे अंधारी आली, ती कायमची. सांगितलं असतं तर अंतिम सामना बाकावर बसून बघावा लागला असता. तो गप्प राहिला. घरी सांगितलं तेसुद्धा पन्नाशी उलटल्यावर, वय झालं म्हणून खपवलं. मागच्या रांगेत मुलगी बसली होती. बापाला कुणी काही बोललं म्हणून ती लहानपणी शाळेत मारामारी करून आली होती. आज ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती.

पडदा उजळला. तिसऱ्याच मिनिटाला चेंडू त्याच्या डावीकडून सुटला आणि पडद्यावरच्या कोवळ्या गोलकीपरने मानही वळवली नाही. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. आता कोणीतरी बोलणार.

"जागचा हलला नाही बघा," मागून कोणी म्हणालं. "काय थंड डोक्याचा माणूस!"

टाळ्या पडल्या. त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण चेंडू अडवणारी काठी त्याने आज पहिल्यांदा पाहिली. ती ऐदीची होती.

मग त्याला दुसरं काही दिसेना. ऐदी सारखा मागे येत होता, लेफ्ट हाफ जागा सोडत नव्हता, कप्तान हाताने खुणा करत होता. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, गोल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि ही सगळी मंडळी पुन्हा त्याच्या डावीकडेच येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" त्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"सगळ्यांना," ऐदी म्हणाला. "आदल्या दिवशी जेवताना डावीकडचा पेला तू दोनदा लवंडलास. तू हात धुवायला गेलास, तेवढ्यात कप्तानाने टेबलावर काड्या मांडून कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवलं."

"दुसरा गोलकीपर होता की."

"होता. पण तू रडला असतास रे."

"आणि तुझे गोल?"



"राहिले," ऐदी म्हणाला.

दिवे लागले. अध्यक्षांनी त्याला मंचावर बोलावलं. तीच गोष्ट पुन्हा एकदा ऐकवा म्हणाले. मुलीने फोन वर धरला होता. पायऱ्यांपाशी ऐदी न सांगता त्याच्या डाव्या अंगाला आला, वर पोचेपर्यंत कोपराला धरून चालला आणि खाली उतरून गर्दीत उभा राहिला.

तो माईकसमोर उभा राहिला. लोक हसतमुखाने वाट बघत होते. शेवटी त्याने तळहाताने डावा डोळा झाकला.

"त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं," तो म्हणाला.