शार्दूलची दोन विशेषणं

उदाहरण दिल्याशिवाय मी आयुष्यात एकही विधान छापायला दिलं नाही. याचं उदाहरण विचाराल, तर आत्ता लगेच आठवत नाही. तरीही बनारसच्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात कुणाचं लिहिण्याचं अडलं की लोक माझ्याकडेच येतात. निवृत्त विनोदी लेखकाला दुसरं काम नसतं, हे त्यांना ठाऊक आहे.

परवा प्रभावतीवहिनी आल्या, मागे त्यांचा शार्दूल. त्याचा लग्नाचा बायोडाटा प्रयागराजच्या मधुराला गेला होता. फोनवर एकदाच बोलणं झालं, तेवढ्यात पोरगा पुरता विरघळला होता. मधुराने मात्र कळवलं होतं, 'मनमिळाऊ आणि परोपकारी असं लिहिलंय, प्रत्येकी एक उदाहरण पाठवा. मग आईबाबांना घेऊन यायचं का, ते ठरवू.'

वहिनींनी उदाहरण तयारच आणलं होतं: शार्दूलने रामघाटावर बुडत्या माणसाला वाचवलं. कधी, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही लिहाल तेव्हा. शार्दूलला पोहता येत नाही, ही बारीकशी अडचण मी पुढे मांडली.

मग खरी उदाहरणं शोधू लागलो. मनमिळाऊपणाचं लगेच सापडलं. सकाळी दही आणायला गेलेला शार्दूल गल्लीत प्रत्येकाशी बोलत येतो. तोवर घरची जेवणं उरकलेली असतात. परोपकाराचा मात्र एकच प्रसंग निघाला. शेजारच्या गंगाकाकूंचं सामान चढवायला तो गाडीत शिरला, बर्थखाली साखळीने नीट बांधू लागला, आणि गाडी सुटली. सामान आणि शार्दूल मुगलसरायला पोचले. काकू बनारसच्या फलाटावर.

घाबरला की शार्दूल हिंदीत शिरतो. "काका, ये मत लिखिए. वो मना कर देगी."

"दुसऱ्याचं सामान साखळीने कोण बांधतं रे?" मी म्हणालो. "हेच जाणार."

गेलं. काल दुपारी मधुराचा फोन आला, तो शार्दूलने माझ्याच हातात कोंबला. तिला हसू आवरत नव्हतं.

"काका, याआधीच्या तिन्ही स्थळांनी बुडणारी माणसं वाचवली होती," ती म्हणाली. "आम्ही उद्या सकाळीच येतोय."

शार्दूल ही बातमी घेऊन गल्लीत पळाला, म्हणजे आता रात्री जेवायलाच परतणार. मी वहिनींना खऱ्या उदाहरणाचं सामर्थ्य, लेखकाची जबाबदारी, एकूण वाङ्मयाचं प्रयोजन असं सविस्तर समजावू लागलो. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि परात माझ्यापुढे सरकवली.

"भावजी, पाहुण्यांना पोह्यांचं चुडा-मटर करायचंय. बोलता बोलता एवढ्या मटारच्या शेंगा सोलता का?"